मास्तरांच्या वीस बैठका

“माझा टेप खोटा असेल हो, पण तो सगळ्यांशी सारखाच खोटा वागतो.”

मास्तरांनी हे एका गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं, भर दुकानात. गिऱ्हाईक घरून स्वतःचा स्टीलचा टेप घेऊन आलं होतं आणि मास्तरांच्या गळ्यातला पिवळा, कडा विरलेला टेप त्याला लावून बघत होतं. मास्तरांचा टेप चांगला दोन बोटं जास्त भरला. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढला की सैल पडतो, त्यात नवल नाही; पण गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचा आनंद होता. मास्तरांनी तो आनंद त्याला पुरता उपभोगू दिला आणि मग वरचं वाक्य टाकलं. पुढे समजावलंही. ज्या टेपने अंगाचं माप घेतलं त्याच टेपने कापड कापलं की कपडा अंगाला बसतो. टेप किती खोटा आहे याच्याशी अंगाला काही देणंघेणं नसतं. माप एका टेपने घेतलं आणि कापड दुसऱ्याने कापलं, की मात्र शिंप्याची अब्रू गेली.

कापायच्या टेबलाशी उभी असलेली त्यांची लेक हे ऐकत होती. तिला ते तोंडपाठ होतं. लहानपणी ती दुकानातल्या बुटक्या स्टुलावर बसून बापाला टाचण्या पुरवायची आणि स्वतःही टाचणीसारखीच होती, बारीक आणि टोकदार, म्हणून मास्तर तिला टाचणी म्हणत. आता दुकानातली कापाकापी तीच करायची. मास्तरांची नजर मंदावली होती. ते मशीनवर बसत, सरळ शिलाई मारत आणि बोलत. बोलणं हा त्यांचा खरा धंदा होता. शिवण हे निमित्त.

मास्तर दिसायला किरकोळ. कोट अडकवायच्या हँगरला कुणी चष्मा लावावा, तसे. नवीन गिऱ्हाइकाला कुणी सांगितलं की हा माणूस स्वतःच्या वजनाएवढं लोखंड मानेवर घेऊन वीस बैठका मारतो, तर ते गिऱ्हाईक आधी हसायचं, मग मास्तरांच्या पँटच्या मांड्यांकडे बघायचं आणि हसू आवरायचं.

दुकानाच्या खाली तळघर होतं. पूर्वी तिथे कापडाच्या गाठी ठेवत. गाठी गेल्या आणि मागे उरला गाठी मोजायचा लोखंडी काटा: उभं राहायला फळी, वर आडवी पट्टी, पट्टीवर सरकणारं वजन. मास्तर तरुण असताना त्यांनी मोडक्या शिलाई मशीनांचे ओतीव पाय गोळा केले, ते वितळवून घेतले आणि त्यांच्या गोल प्लेटा ओतवून आणल्या. एकेक प्लेट त्या काट्यावर ठेवली, जास्तीचं लोखंड कानशीने घासून काढलं आणि पांढऱ्या रंगाने आकडे घातले. वीस, दहा, पाच, आणि वरच्या सुट्या किलोंसाठी अर्ध्या किलोपर्यंतच्या चकत्या. दांड्यावरही वीस घातले. ही त्यांची व्यायामशाळा. तिला नाव नव्हतं. लोक घरी “खाली जाऊन येतो” एवढंच सांगून निघत.

तळघराला छताजवळ एक झरोका होता, रस्त्याच्या पातळीवर. त्यातून जाणाऱ्यायेणाऱ्यांचे फक्त घोटे दिसत. टाचणीला लहानपणी वाटायचं की रस्त्यावर नुसते बूटच हिंडतात, आणि माणसं त्यांना पुढे कुठेतरी जोडली जातात. उजेड यायचा तोही बुटांनी तुडवलेला, मातकट. त्या उजेडात मास्तर रोज पहाटे दिवा लावत. जिन्याच्या पायऱ्यांवर पाचसहा माणसं जांभया देत त्यांची वाट बघत बसलेली असत, कारण किल्ली एकच होती आणि ती मास्तरांच्या खिशात होती.

एवढ्या मोठ्या गावात आपली कुणी रोज वाट बघतं, ही गोष्ट मास्तरांनी कधी बोलून दाखवली नाही. बाकी सगळं बोलून दाखवलं.

वर्षातून एकदा, मास्तरांच्या वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी, खाली परीक्षा असायची. नियम मास्तरांचेच. काट्यावर उभं राहायचं. जेवढं अंगाचं वजन भरेल तेवढंच दांड्यावर चढवायचं. दांडा मानेमागे घेऊन वीस बैठका. मधे उभं राहून हवा तेवढा दम खा, पण दांडा खाली ठेवायचा नाही. मागे टाचणीचं बुटकं स्टूल ठेवलेलं. प्रत्येक वेळी त्याला बूड टेकलं पाहिजे. टेकलं पाहिजे, टेकवून बसायचं नाही. न टेकलेली बैठक मोजायची नाही, आणि मोजणाऱ्याशी वाद घालायचा नाही. मोजायची टाचणी. ती आठ वर्षांची असल्यापासून मोजत होती, कारण साऱ्या जमावात कुणाच्या भिडेला न पडणारी ती एकटीच होती.

पलीकडच्या गल्लीतला बेकरीवाला हा नियमांचा जुना विरोधक. अंगाने भरगच्च, आणि गेली कित्येक वर्षं त्या काट्यावर नव्व्याण्णव भरणारा. शंभराच्या आत आहोत याचा त्याला फार अभिमान.

“दोन माणसांत जोर कुणाचा जास्त हे बघायचं ना मास्तर?” तो म्हणायचा. “मग दोघांना एकच वजन द्या. तुम्ही त्रेसष्ट उचलणार, मी नव्व्याण्णव. हा काय न्याय झाला?”

“म्हणजे रेडिमेड!” मास्तर म्हणत. “एकच शर्ट सगळ्यांना घालायचा, ज्याला बसला तो पैलवान. अरे, ज्याच्या त्याच्या अंगाबरहुकूम शिवतात त्याला माप म्हणतात. तुझं अंग तू वाढवलंस, ते तूच उचल. माझ्यावर का टाकतोस?”

बेकरीवाल्याची मजल अकराच्या पुढे कधी गेली नव्हती. इतरांचीही पंधराच्या अलीकडेच अडायची. मास्तर मात्र दर वर्षी वीस. आणि नुसत्या वीस नाहीत: दहा झाल्या की ते गोष्ट सुरू करत. एखाद्या गिऱ्हाइकाची, दर वर्षी नवी. एक बैठक, एक वाक्य. दम खाण्याच्या नावाखाली वाक्य रंगवायचं, मग खाली जायचं. विसाव्या बैठकीला गोष्टीचा शेवट आणि दांडा स्टँडवर. निम्मी माणसं त्या रविवारी गोष्टीसाठीच येत. परीक्षा संपली की मास्तर स्टँडला टेकून अर्धा तास भाषण करत. आपले गुडघे अजून जिना चढायच्या लायकीचे झालेले नाहीत हे लपवायचा तोच एक उपाय होता.

अशाच एका रविवारी, वीस मारल्याच्या तोऱ्यात, ते म्हणून गेले होते: “ज्या वर्षी वीस होणार नाहीत ना, त्या वर्षी किल्ली त्या खिळ्याला. मग जो वीस मारेल त्याने खुशाल घ्यावी.”

तेव्हा ते बोलणं स्वस्त होतं. वीस मारणारं दुसरं कुणी नव्हतंच.

मग जावई आला.

जावई फिजिओथेरपिस्ट. तो दुकानात पहिल्यांदा आला तो पँटची मांडीची शिवण उसवली म्हणून. मास्तरांनी त्याच्या मांडीला टेप लावला, आकडा वाचला, परत लावला. “टाचणी, लिही,” ते म्हणाले, “आणि ही कंबर समजू नकोस, मांडी आहे.” टाचणीने लिहिलं. पुढे ती पँट दर पंधरा दिवसांनी उसवायला लागली, तेव्हा मास्तरांनी शिवण तपासली आणि ती ब्लेडने सोडवलेली आहे हे ओळखलं. वर्षभरात लग्न झालं.

माणूस भला होता. उंच, थोराड, आवाज खालच्या पट्टीतला. दोष एकच: त्याला सगळं तपासून बघायची खोड होती. सासऱ्याचे गुडघे तर तो जेवताना टेबलाखालूनही तपासायचा.

“बाबा, यंदा साठ पूर्ण होतील,” परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला. सगळे मास्तरांच्या घरी जेवायला जमले होते. “यंदा राहू द्या ना.”

“तुम्हाला किल्ली हवी असेल तर सरळ मागा जावईबापू.”

“किल्ली नको हो मला. तुमचे गुडघे हवेत. म्हणजे, तुम्हालाच हवेत.”

“नशीब,” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “मला वाटलं, लेक नेलीत तसे गुडघेही घेऊन जाताय.” आणि वाढायला आल्यावर मुलीच्या कानाशी: “किल्ली गेली तर हा माणूस पहाटेपासून माझ्या ओट्याशी उभा राहील गं. काहीही कर, पण ती खिशात राहू दे.”

“मी काय करणार? मी फक्त मोजते.”

“तेच म्हणते मी,” आई म्हणाली आणि भात वाढून आत गेली.

जावयाचं म्हणणं होतं की परीक्षा घ्यायचीच तर नीट घ्या. माणसाचं वजन आणि त्याने पेललेलं वजन यांची तुलना करायची, आणि माणसाचं वजन करायचं गाठी मोजायच्या काट्यावर? तो शेवटचा कधी तपासला?

“गाठीच आहेत सगळ्या,” मास्तर म्हणाले.

पण जावयाने क्लिनिकमधला काटा आणलाच होता. पांढरा, सपाट, आकडे पेटणारा, तपासणीचा शिक्का मारलेला. तो हॉलमध्ये ठेवला. मास्तर आधी बुटांसकट उभे राहिले, मग बूट काढून, मग चष्माही काढून. काटा ढिम्म. सत्तर.

“हॅ! त्रेसष्ट आहे मी. गेली तीस वर्षं त्रेसष्ट. कंबर बघा, अजून तीस!”

“तीस कुणाच्या टेपने?” सासूबाईंनी विचारलं.

सगळे हसले. मास्तरही हसले, पण थोडं उशिरा. टाचणीने ते बघितलं. त्यांनी हळूच आपल्या पोटावर हात फिरवला होता, अनोळखी कापडाचा पोत बघतात तसा.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “सत्तर तर सत्तर. सात किलोला काय घाबरायचं? सुनावायचं तेवढं सुनावलंत, आता वाढा.”

ताटातलं अर्धं मात्र तसंच राहिलं.

रविवारी सकाळी पांढरा काटा तळघरात आला आणि हाहाकार माजला. जो चढेल तो फुगलेला. बेकरीवाला चढला आणि काट्याने एकशेदहा दाखवले. त्याने खाली उतरून काटा उचलून पालथा केला, खालून बघितला.

“बॅटरी जास्त झालीय याच्यात,” तो म्हणाला.

“बॅटरीने वजन वाढत नाही काका,” जावई म्हणाला.

“मग कशाने वाढतं? काल नव्व्याण्णव होतो मी!”

“पाव विकायचे असतात, खायचे नसतात,” कुणीतरी जिन्यावरून म्हणालं. बेकरीवाल्याने उठाबशा काढून बघितल्या, पुन्हा चढला, पुन्हा एकशेदहा. त्याने आपलं नाव परीक्षेतून काढून घेतलं आणि मास्तरांच्या एका बाजूला मदतीला उभा राहिला. दुसऱ्या बाजूला जावई. कुणी अडकलं तर दोघांनी दांडा धरायचा, अशी पद्धत होती.

दांड्यावर सत्तर चढले: वीसचा दांडा, दोन्हीकडे एकेक वीस, एकेक पाच. टाचणी स्टुलाच्या बाजूला जमिनीवर बसली, डोळे स्टुलाच्या उंचीला येतील अशी. समोर ट्रायल रूममधून काढलेला, कोपरा तडकलेला आरसा होता. त्यात मास्तरांचा चेहरा दिसत होता.

मास्तर दांड्याखाली गेले, उभे राहिले, दोन पावलं मागे आले. आणि थांबले.

एरवी ते थांबत नसत. एरवी पहिल्या दहा भराभर, बटणं लावावीत तशा. आज पहिली बैठकच जिना उतरल्यासारखी झाली.

“एक.”

बूड टेकलं, वर आलं. “दोन.” “तीन.” सातव्याला त्यांच्या मानेची शीर उभी राहिली. दहाव्याला त्यांनी डोळे मिटून चांगला दम खाल्ला. मग डोळे उघडले आणि आरशातल्या माणसांकडे बघत म्हणाले, “एक ट्रम्पेटवाला आला होता... कोट शिवायला.”

तळघर सैलावलं. बेकरीवाल्याने टाचणीला डोळा मारला.

“अकरा.”

“म्हणाला, मास्तर... छातीचं माप श्वास भरून घ्या.”

“बारा.”

“मी म्हटलं, मग श्वास... सोडल्यावर कोट लोंबेल.” खाली गेले, वर आले. “तेरा.” मास्तर म्हणाले, “तर म्हणतो... मी सोडतच नाही!”

हशा झाला. मास्तर हसले नाहीत, त्यांना हसण्याइतकी हवा शिल्लक नव्हती. खाली गेले. वर येताना मधेच कुठेतरी थबकले, जणू जिन्याच्या वळणावर कुणी ओळखीचं भेटलं, आणि मग वर आले.

“चौदा.”

“कार्यक्रमाच्या दिवशी...” मास्तर म्हणाले. “भर दुपारी... तोच धावत आला, आणि कोट...”

पुढे काही आलंच नाही. ते उभे होते, तोंड उघडं, छाती भात्यासारखी, आणि गोष्ट आत कुठेतरी अडकलेली. पंधरावी बैठक झाली. वाक्य नाही. सोळावी झाली. वाक्य नाही. माणसांनी हसणं तयार ठेवलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर तसंच राहून आंबलं. टाचणीला इतक्या वर्षांत पहिल्यांदा बापाचं नुसतं श्वास घेणं ऐकू आलं. एखाद्या घरातलं सगळं सामान हलवल्यावर ते घर कसं वाजतं, तसा तो आवाज होता.

सतराव्याला मास्तर खाली आले आणि बूड स्टुलाच्या वर थांबलं. पँटचं कापड आणि स्टुलाची फळी यांच्यामधून उजेडाची एक रेघ दिसत होती, एक बोटभर. ती रेघ तिथे एक क्षण राहिली, मग मास्तर वर गेले.

वरून कुणाला दिसलं नसतं. जावयाला नाही, बेकरीवाल्याला नाही. टाचणीच्या तोंडात सतरा हा आकडा आला होता. आईचं बोलणं कानात होतं. पहाटे जिन्यावर बसलेली माणसं, खिशात खुळखुळणारी किल्ली, आणि एक बोट. एक बोट म्हणजे काय? दुकानात रोज एक बोट माया सोडतो आपण शिवणीला.

ती गप्प राहिली.

बेकरीवाल्याने चमकून तिच्याकडे बघितलं. मास्तरांनी आरशातून बघितलं. क्षणभर बापलेकीची नजर तडकलेल्या काचेत भेटली, आणि दांडा मानेवर असताना जेवढी हलवता येते तेवढीच मान मास्तरांनी हलवली. बरोबर आहे, अशी.

ते पुन्हा खाली आले. टेकलं. “सतरा.” खूप वेळाने, “अठरा.” त्याहून खूप वेळाने, वर येताना तोंडातून एक घरघर निघाली आणि गुडघे आतल्या बाजूला कलंडले, पण आले. “एकोणीस.”

मग ते खाली गेले आणि स्टुलावर बसले. नुसते टेकले नाहीत, बसले, बस थांब्यावर बसतात तसे. दोघांनी दोन बाजूंनी दांडा उचलून घेतला.

मास्तरांनी बाजूला काढून ठेवलेला चष्मा टॉवेलने पुसला, पण घातला नाही. मग खिशातून किल्ली काढली, भिंतीला धरत खिळ्यापर्यंत गेले आणि तिथे टांगली.

“मास्तर, ती मधली धरली तर वीस होतात,” बेकरीवाला म्हणाला. “ए पोरी, बोल ना.”

“मोजणाऱ्याशी वाद नाही,” मास्तर म्हणाले. “यंदा फार जड लागलं रे. कधी नाही इतकं. सात किलोचा फरक नाही हा.” मग टाचणीला ऐकू जाईल इतकंच: “वय गं. दुसरं काय. शिवण टिकते तोवर कापड चांगलं असं वाटत राहतं.” आणि लगेच मोठ्याने: “चला जावईबापू. तुमची पाळी. पांढऱ्या काट्यावर किती?”

“शंभर. पण बाबा, मी नाही...”

“नियम आहे. किल्ली खिळ्याला राहिली तर उद्या पहाटे दार कोण उघडणार? चढवा शंभर.”

शंभर चढले. जावई नाखुशीने दांड्याखाली गेला, उभा राहिला, एक पाऊल मागे आला, आणि पाऊल पुढे टाकून त्याने दांडा परत ठेवला.

“हे शंभर नाहीत,” तो म्हणाला.

“झालं!” बेकरीवाला खूश झाला. “शंभर जड झाले. क्लिनिकमध्ये फुग्यांनी करता वाटतं?”

“मी शंभरने दर आठवड्याला करतो काका. मला शंभर माहीत आहेत. हे शंभर नाहीत.”

“लोखंड आहे ते,” मास्तर तुटकपणे म्हणाले. “लोखंड खोटं बोलत नाही. मी स्वतः एकेक प्लेट मोजलीय.”

“कशावर?” टाचणीने विचारलं.

“कशावर म्हणजे? काट्यावर.”

“कुठल्या?”

मास्तरांनी कोपऱ्यातल्या जुन्या काट्याकडे बघितलं. टाचणी तोवर उठली होती. तिने दांड्यावरची वीसची प्लेट उतरवली, जमिनीवरून घरंगळत नेली आणि पांढऱ्या काट्यावर आडवी केली. आकडे थरथरले, स्थिर झाले. बावीस. आणि वर थोडं.

तीच प्लेट तिने जुन्या काट्याच्या फळीवर चढवली. पट्टी सरळ राहिली. वीस.

“काका, याच्यावर उभे राहा जरा.”

बेकरीवाला जुन्या काट्यावर उभा राहिला. नव्व्याण्णव. त्याचा चेहरा उजळला आणि मग, अर्थ ध्यानात येत गेला तसा, हळूहळू विझला. “म्हणजे मी कधीच...?”

“कधीच नाही,” टाचणी म्हणाली. “हा काटा दहातला एक खातो. तुमचाही खायचा, प्लेटांचाही खायचा. अंगाचं वजन आणि लोखंड दोन्ही याच्यावरच मोजलं, म्हणून इतकी वर्षं बरोबर बसत होतं. आज माणसं नव्या काट्यावर मोजली आणि प्लेटा जुन्याच्या लावल्या.” ती बापाकडे वळली. “बाबा, माप एका टेपने, कापड दुसऱ्या टेपने. दुकानात मी असं केलं असतं तर कात्री हिसकावून घेतली असती तुम्ही माझ्या हातातली.”

मास्तरांचा हात गळ्याशी गेला, जिथे एरवी टेप असतो.

जावई तोंडातल्या तोंडात हिशेब करत होता. “सत्तर लिहिलेला दांडा... म्हणजे सत्त्याहत्तरच्या वर. बाबा, तुम्ही अंगापेक्षा जवळजवळ आठ किलो जास्त घेऊन एकोणीस मारल्यात. साठाव्या वर्षी!” आणि त्याचा खालच्या पट्टीतला आवाज पहिल्यांदाच वर गेला. “मी नसत्या मारल्या हो!”

“एकोणीस आणि एक बोटभर कमी,” टाचणी म्हणाली. “ती मोजणार नाही मी.”

“मोजू नकोस!” बेकरीवाला ओरडला. “ही परीक्षा रद्द! मोजणाऱ्याने सांगावं, रद्द की नाही?”

सगळे टाचणीकडे बघायला लागले. ती खिळ्याकडे बघत होती.

“नियम अंगाच्या वजनाचा आहे,” ती म्हणाली. “अंगाचं वजन दांड्यावर नव्हतंच. परीक्षा झालेलीच नाही.”

तळघरात एकच गलका झाला. कुणी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली, कुणी जुन्या काट्याला लाथ मारली, बेकरीवाला तो काटा आपल्या बेकरीत घेऊन जायची परवानगी मागू लागला. मग सगळे थांबले, कारण आता मास्तर बोलणार हे सगळ्यांना माहीत होतं. इतकं आयतं भाषण त्यांना आयुष्यात मिळालं नव्हतं. काटा, टेप, जावई, वय, शंभर वाक्यं समोर मांडून ठेवलेली होती, हव्या त्या रंगाच्या रिळांसारखी. लोक खाली मांडी घालून बसलेसुद्धा.

मास्तर उठले. खिळ्याकडे गेले, या वेळी भिंतीला न धरता. किल्ली काढली, तळहातावर एकदा उडवून झेलली, जणू तिचंही वजन बघतायत, आणि खिशात टाकली. चष्मा घातला. जाता जाता लेकीच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी टाचणी पडली की मारायचे तशीच.

“मास्तर, गोष्ट!” बेकरीवाला ओरडला. “त्या ट्रम्पेटवाल्याचं काय झालं? कोट फाटला का?”

मास्तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते. मागे वळले नाहीत.

“अहो निदान तेवढं तरी सांगा! वर्षभर काय करायचं आम्ही?”

ते चढत राहिले, ताठ, कठड्याला हात न लावता, आणि कुणालाही काही न सांगता. वरचं दार उघडल्याचा आवाज आला. टाचणीने झरोक्याकडे बघितलं. थोड्या वेळाने तिथून बापाचे बूट गेले, एकामागून एक, अगदी निवांत, जणू हवा खायला निघालेत. झरोक्यातून माणसाचे फक्त घोटेच दिसतात. गुडघे दिसत नाहीत, ते एक बरं.